शेवटपर्यंत पोहोचणारे

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, रत्नागिरी येथे केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या पारितोषिक-समारंभात आम्ही चार शब्द बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. अशा प्रसंगी एका निवृत्त शिक्षकाने मोटारींच्या शर्यतीची हकीकत सांगावी, हे काहींस चमत्कारिक वाटेल. परंतु त्या शर्यतीपासून आम्ही जे फार उशिरा शिकलो, त्याचा आजच्या समारंभाशी निकटचा संबंध आहे.

१९६८ सालच्या डिसेंबरात आम्ही दहा वर्षांचे होतो. मातोश्रींच्या औषधोपचारासाठी आगबोटीने मुंबईस गेलो आणि परळच्या चाळीत मामांकडे उतरलो. मामा गोदीत नोकरीस होते. एके दिवशी ते म्हणाले, "बाळा, लंडनहून निघालेल्या मोटारी बंदरात आल्यात. चल, दाखवतो तुला."

ती लंडन-सिडनी शर्यत होय. २४ नोव्हेंबर रोजी लंडनहून ९८ मोटारी निघाल्या. इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली असे सुमारे ११,००० किलोमीटर तुडवून त्यांपैकी ७२ मुंबईस पोहोचल्या. येथून 'चुसान' बोटीने ऑस्ट्रेलियास जाऊन त्यांस पुन्हा धावावयाचे होते. या शर्यतीत केवळ वेगास मान नव्हता. प्रत्येक ठाण्यावर पोहोचण्याची वेळ ठरलेली असे. जितकी मिनिटे उशीर, तितके दंडाचे गुण. ज्याचा दंड सर्वांत कमी, तो विजयी.

बोटीवर चढविण्यासाठी मोटारी गोदीकडे जात होत्या. अँबॅसडर आणि फियाट यांपलीकडे ठाऊक नसलेले आम्ही त्या धुळीने माखलेल्या गाड्या डोळे भरून पाहत राहिलो. मामांच्या साध्या पेटी-कॅमेऱ्यात एका रिळावर बारा छायाचित्रे निघत. "रीळ महाग आहे, जपून काढ," असे त्यांनी बजावले होते. मुंबईपर्यंत इंग्लंडचा रॉजर क्लार्क आघाडीवर होता. आम्ही बाराही छायाचित्रे त्याच्याच फोर्ड लोटस कॉर्टिनाची काढली. मागून आलेल्या गाड्यांकडे आम्ही नीट पाहिलेही नाही.

१७ डिसेंबरला शर्यत संपली. जिंकला तो स्कॉटलंडचा अँड्र्यू कावन, व्यवसायाने शेतकरी. त्याची हिलमन हंटर मुंबईत आघाडीवर नव्हती. आमच्या बारा छायाचित्रांपैकी एकातही ती नव्हती! शेवटच्या टप्प्यात आघाडीवर असलेल्या बियांकीच्या सित्रोएनची समोरून आलेल्या मोटारीशी टक्कर झाली. मागून येणाऱ्या हॉपकर्कने स्पर्धा बाजूस सारून जखमींस मदत केली; तरीही तो दुसरा आला. आणि आमचा क्लार्क? ऑस्ट्रेलियात त्याचे इंजिन बिघडले, पुढे मागच्या आसाचे डिफरन्शियल मोडले. वाटेत भेटलेल्या एका गृहस्थाच्या तशाच गाडीचे मागून घेऊन त्याने ते बसविले आणि दहावा क्रमांक मिळविला. सिडनीस एकंदर ५६ मोटारी पोहोचल्या.

पुढे स्वतःचा कॅमेरा आल्यावर मुंबई-पुणे सायकल शर्यतीच्या वेळी आम्ही कितीदा तरी बोरघाटात उभे राहिलो. तेथेही आमचे तेच. पुढचे चार-सहा स्वार टिपले की कॅमेरा म्यानात! मागचे घामाने निथळत घाट चढत असत; त्यांचे एकही छायाचित्र आमच्या संग्रही नाही. शाळेतही ३७ वर्षे पारितोषिक घेणाऱ्या मुलांचीच छायाचित्रे आम्ही काढली.

आता एक गोष्ट सांगतो, ती आजवर या व्यासपीठावरून कधी सांगितली नाही. आम्ही मॅट्रिकला पहिल्या खेपेस गणितात नापास झालो. मामांचे पत्र आले, "ऑक्टोबरला पुन्हा बस. फी मी पाठवतो." आम्ही बसलो, उत्तीर्ण झालो आणि शिक्षक झालो. पुढे आमचा एक जुना विद्यार्थी दहावीस नापास होऊन मुंबईच्या वाटेवर एस. टी. स्थानकावर भेटला. "गुरुजी, आता हॉटेलात काम बघतो," असे म्हणून तो पाया पडला. आम्ही आशीर्वाद दिला. परंतु "बाळा, पुन्हा बस, आम्हीही बसलो होतो," हे एक वाक्य लाजेपोटी ओठांवर आले नाही. तो पुन्हा परीक्षेस बसला नाही. त्या मौनाची रुखरुख आजही जात नाही.

म्हणून संस्थेस नम्र सूचना अशी की, ज्ञातीतील जी मुले नापास होऊन पुन्हा परीक्षेस बसू इच्छितात, त्यांच्या फीची व पुस्तकांची तजवीज करावी आणि ती उत्तीर्ण झाल्यावर त्यांसही याच व्यासपीठावर बोलवावे. या कार्यासाठी आम्ही ५,००० रुपये आजच खजिनदारांच्या स्वाधीन करीत आहोत. आज पारितोषिक घेणाऱ्या बालकांचे आमचे अभिनंदन आहेच. पुढील वर्षी दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झालेले एखादे मूल येथे आले, तर त्याचे छायाचित्र आम्ही स्वतः काढू.