पेपरवर खुबा दिसत नाही



 पशुवैद्यक, श्वानपालक आणि ब्रीडर यांची ही परिषद पनवेलला भरली, हे औचित्याचं झालं. माथेरानच्या पायथ्याशी फार्महाऊसवर पिल्लं जन्मतात आणि खारघर-कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये वाढतात. वीण करणारा आणि पुढे लंगडं कुत्रं सांभाळणारा असे दोघेही इथे एकाच दवाखान्याच्या बाकावर बसलेले दिसतात.

माझा आग्रह एकच आहे. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, गोल्डन रिट्रीव्हर या जातींत नर-मादीच्या खुब्याचा आणि कोपराचा एक्स-रे वाचून घेतल्याशिवाय मेटिंग करू नये. आणि त्याचा निकाल, चांगला असो वा वाईट, सर्वांना पाहता यावा.

कुत्र्यांतल्या हिप डिस्प्लेझियाचं, म्हणजे खुब्याच्या या विकाराचं, वर्णन अमेरिकेत श्नेल यांनी 1935 साली केलं. सांधा ढिला राहतो, वाटी उथळ होते, कूर्चा झिजते आणि संधिवात जडतो. कोपराच्या बाबतीत हाडाचा लहानसा तुकडा सुटतो किंवा जर्मन शेफर्डमध्ये जो भाग साधारण 20 आठवड्यांपर्यंत सांधायला हवा तो सुटाच राहतो. मुख्य अडचण अशी की जन्मताना खुबा ठीकच असतो. 45 दिवसांचं पिल्लू उचलून कितीही न्याहाळा, काही कळत नाही. मग तपासायचं कोणाला? त्याच्या आईबापांना.

गिऱ्हाईक मात्र विचारतं, ‘पेपर आहेत ना?’ केनेल क्लब ऑफ इंडियाचे पेपर वंशावळ सांगतात. खुब्याची हमी त्यांत नसते, आणि ती आहे असा समज करून देणं हा आपल्या धंद्याचा दोष आहे.

आता एक्स-रेविषयी. कुत्र्याला भूल देऊन उताणं झोपवायचं, मागचे पाय सरळ आणि समांतर ओढायचे, गुडघे आत वळवून गुडघ्याच्या वाट्या मध्यावर आणायच्या. कटीच्या हाडातली दोन्ही छिद्रं सारखी दिसली नाहीत तर कुत्रं तिरकं झोपलंय. फिल्म पुन्हा काढा. मग पाहायचं की मांडीच्या हाडाचं डोकं निम्म्याहून अधिक खुब्याच्या वाटीखाली झाकलंय का, आणि ते वाटीत किती नीट बसलंय हे दाखवणारा नॉरबर्ग कोन 105 अंशांच्या आसपास आहे का. जागेपणी चौघांनी दाबून धरलेल्या कुत्र्याच्या फिल्मवर मत देणं म्हणजे पंचांग न उघडता मुहूर्त सांगणं.

अमेरिकेतली ओएफए ही संस्था 1966 पासून हे काम करते. पक्का दाखला 24 महिन्यांनंतरच देते, आणि तीन रेडिओलॉजिस्ट स्वतंत्रपणे फिल्म वाचतात. पण तिथे वाईट निकाल मालकाच्या परवानगीशिवाय जाहीर होत नाही. साहजिकच यादीत चांगलेच जास्त दिसतात. स्वीडनच्या केनेल क्लबची नोंद खुली असते. मला स्वीडनची रीत पटते. हा विकार अनेक जनुकांतून येतो. चांगल्या खुब्याच्या नरालाही वाईट खुब्याची पिल्लं होतात, म्हणून त्याच्या भावंडांचे आणि संततीचे निकालही पाहावे लागतात. झाकलेला एक निकाल पुढची दहा मेटिंग फसवतो.

निवडीचा गुण आपल्याला नवा नाही. मराठवाड्यातले कारवान आणि पश्मी हे शिकारी कुत्रे धावण्यावरच निवडले गेले. ज्याला सशामागे धावता येत नव्हतं, त्याची वीण कोण करणार? फ्लॅटमधल्या लॅब्राडॉरला धावायचंच नसतं, त्यामुळे त्याचा दोष उशिरा उघडा पडतो.

संगोपनाचाही वाटा आहे. 48 लॅब्राडॉरांवरच्या एका प्रसिद्ध अभ्यासात जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाऊ घातलं. कमी खाणाऱ्यांत संधिवात कमी आढळला आणि त्यांचं आयुष्य सुमारे पावणेदोन वर्षांनी वाढलं. नॉर्वेतल्या अभ्यासात पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढणाऱ्या पिल्लांना धोका अधिक दिसला. गुटगुटीत पिल्लू पाहून कौतुक करणाऱ्यांना हे सांगायला हवं. तरीही आहार दोष फक्त आटोक्यात ठेवतो, वंशातून काढत नाही.

2017 च्या श्वान प्रजनन नियमांनुसार 18 महिन्यांखालच्या कुत्र्याची वीण करता येत नाही, आणि तो निरोगी असल्याचं पशुवैद्यकाने आधी प्रमाणित करायचं असतं. मित्रांनो, ती सही आपली असते. ताप पाहून, छातीला स्टेथोस्कोप लावून आपण ‘निरोगी’ लिहितो. खुबा पाहतो का?

म्हणून तीन सूचना मांडतो. एक, प्रत्येक फिल्मवर मायक्रोचिपचा क्रमांक असावा. क्रमांकाविना फिल्म कोणत्याही कुत्र्याची असू शकते. दोन, परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासह राज्यातल्या महाविद्यालयांतील शल्यचिकित्सा व रेडिओलॉजीच्या तीन जाणकारांनी ती स्वतंत्रपणे वाचावी. तीन, निकालांची खुली नोंदवही या परिषदेनेच सुरू करावी.

ब्रीडर मंडळींना विनंती: स्टड फीमध्ये चॉइस पिल्लू मागण्याआधी समोरच्याची फिल्म मागा, आणि आपली न मागता दाखवा. 24 महिने पूर्ण होईपर्यंत थांबा. पशुवैद्यक मित्रांना सांगणं एवढंच, की फिल्म पाहिल्याशिवाय प्रजननाच्या दाखल्यावर सही करू नका. आज इथून उठण्यापूर्वी या सूचनांचा ठराव मंजूर करूया.