लिलावाची लाज आणि आपाचा हिस्सा

(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



मी काही वक्ता नाही. शिक्षण इंजिनिअरिंगचं, पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. संयोजक म्हणाले, तुमच्या घरविक्रीची हकिकत सांगा, असे प्रश्न आपल्या अनेक घरांत पडून आहेत. म्हणून उभा राहिलो.

मिरजेला आमचं जुनं घर. अम्मी आधीच गेल्या होत्या. अब्बांच्या मागे आम्ही चौघं, दोन भाऊ आणि दोन बहिणी. शरियतच्या हिशेबाने घराचे सहा हिस्से: भावांना दोन-दोन, बहिणींना एक-एक. हे प्रमाण न्याय्य आहे का, यावर चर्चा व्हायलाच हवी. पण आज मी वेगळं सांगणार आहे. जो एक हिस्सा ठरलेला आहे, तोही बहिणीच्या हातात पूर्ण का पडत नाही?

एजंटाने गिऱ्हाईक आणलं. किंमत ४८ लाख. त्यातले ३० लाख खरेदीखतात, १८ लाख रोख. "याच्या वर कुणी जाणार नाही," असं त्याने सांगितलं. माझी सुट्टी संपत आली होती. आम्ही दोघा भावांनी जवळजवळ होकार दिला आणि मग मी आपाला फोन केला. म्हटलं, "तुला यायची गरज नाही. हक्कसोडपत्र पाठवतो, सही कर. तुझे पैसे देऊ."

आपा शांतपणे म्हणाली, "माझा हिस्सा कागदावरच्या किमतीचा, की खऱ्या?"

हिशेब करून बघा. ३० लाखांचा सहावा हिस्सा ५ लाख, ४८ लाखांचा ८ लाख. मधले ३ लाख कुठल्याच कागदावर नाहीत. शिवाय घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. मी बहिणीला लुबाडायला निघालो नव्हतो. पण तिला आकडा सांगावा, हे मला सुचलंच नव्हतं. बहिणींचा हक्क दरवेळी भांडणातच बुडतो असं नाही. अशा न सांगण्यातूनही बुडतो.

लिलाव करू या, हे धाकट्या बहिणीने सुचवलं. चाचा उखडले. "लिलाव दिवाळखोराच्या घराचा होतो. लोक काय म्हणतील?" मी त्यांना एका हदीसची आठवण दिली. मदिनेतल्या एका गरजू माणसाची चादर आणि वाडगा पैगंबरांनी बोली लावून विकले होते. एकाने एक दिरहम देऊ केला, दुसऱ्याने दोन. वस्तू दोनवाल्याला मिळाल्या. भाव चढवण्यासाठी खोटं गिऱ्हाईक उभं करायला मात्र मनाई आहे. चाचा गप्प झाले.

आम्ही चौघांनी आधी संमतीपत्र केलं. राखीव किंमत ४६ लाख. त्याखाली विकायचं नाही. खोटी बोली नाही, पूर्ण रक्कम बँकेतून. मिळकत पत्रिका, वारस नोंद, घरपट्टीच्या पावत्या आणि वकिलाचा शोध अहवाल यांची एक फाईल केली. स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात दिली. तीन रविवार घर बघायला उघडं ठेवलं. बोली लावणाऱ्याने १ लाखाचा डिमांड ड्राफ्ट अनामत ठेवायचा, हरला तर लगेच परत.

पाच जण आले. त्यात तोच एजंट, आपल्या गिऱ्हाइकाला घेऊन. बोली ५०-५० हजारांनी चढत गेली आणि आपा वहीत प्रत्येक आकडा लिहीत होती. ५१ लाखांनंतर दोघंच उरले. ज्याला ४८च्या वर जायचं नव्हतं, ते गिऱ्हाईक साडेत्रेपन्नला थांबलं. घर ५४ लाखांना गेलं.

एजंट म्हणजे चोर, असं मला म्हणायचं नाही. गिऱ्हाईक शोधणं, कागद जुळवणं हे कामच आहे, त्याचा मोबदलाही योग्य. लिलावालाही मर्यादा आहेत. मागणी नसेल तर एकटाच येतो. कागद अपुरे असतील तर कुणीच येत नाही. राखीव किंमत घाईत कमी धरली, तर घर स्वस्तात जाण्याची भीती असते. आणि बोली जिंकली म्हणजे घर मिळालं असं नाही. नोंदणीकृत खरेदीखत लागतंच.

वारसांत एकमत नसेल तर १८९३चा विभाजन कायदा आहे. ज्या घराचे वाटे नीट पडत नाहीत, ते विकून पैसे वाटावेत, अशी मागणी निम्मा किंवा अधिक हिस्सा असलेले वारस वाटणीच्या दाव्यात करू शकतात. न्यायालयाला पटलं तर ते विक्रीचा आदेश देतं आणि राखीव किंमत ठरवतं. त्या विक्रीत वारसांनाही बोली लावता येते. बाहेरच्याची आणि वारसाची बोली सारखीच झाली, तर ती वारसाची धरतात. पण त्या वाटेवर वर्षं जातात. घरात बसून मोकळेपणाने ठरवलेलं बरं.

खरेदीखतावर चौघांच्या सह्या झाल्या. हक्कसोडपत्र कुणीच केलं नाही. दोघी बहिणींच्या खात्यात ९-९ लाख जमा झाले. घर एजंटामार्फत विका नाहीतर लिलावाने, तुमची मर्जी. मात्र किंमत ठरत असताना बहिणीला समोर बसवा, आणि सही मागण्याआधी तिला आकडा सांगा. मला ते फार उशिरा कळलं, तेही तिनेच विचारलं म्हणून.