साखरेचा खरा कारखाना



बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेला खानापूर तालुका. सह्याद्रीच्या पावसाचा आणि भाताचा. पूर्वेकडे जावे तसतसा पाऊस विरळ होतो आणि सौंदत्ती-रामदुर्गच्या काळ्या रानात ज्वारी दिसू लागते. कृष्णा आणि घटप्रभा यांचे पाणी जेथे पोहोचले, तेथे ऊस उभा आहे. भात, ज्वारी आणि ऊस ही तिन्ही पिके गवताच्या एकाच कुळातील. सूर्यप्रकाशाच्या बळावर हवा आणि पाणी यांपासून साखर घडविणे हा तिघांचाही व्यवसाय. साखर कारखाना साखर निर्माण करीत नाही. उसाने पानात घडवून कांड्यात साठविलेली साखर तो केवळ वेगळी करतो. खरा कारखाना पानात आहे. तो कसा चालतो आणि कशापायी अडतो, हे पाहणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

वनस्पती माती खाऊन वाढते, अशी समजूत शतकानुशतके होती. व्हान हेल्माँट या संशोधकाने कुंडीतील २०० पौंड मातीत विलोचे ५ पौंडांचे रोप लावले. पाच वर्षांनी झाड १६९ पौंडांचे झाले आणि माती अवघी दोन औंस घटली. त्याने सारे श्रेय पाण्याला दिले. हवेचा वाटा त्याच्या ध्यानी आला नाही. १७७१ मध्ये प्रीस्टली याला असे आढळले की, मेणबत्ती जळून विझलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली, तर काही दिवसांनी त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकते. हे कार्य वनस्पतीचे हिरवे भागच करतात आणि तेही प्रकाशातच, हे इंगेनहाउझ याने १७७९ मध्ये दाखविले. पुढे सेनेबिए याने कार्बन डायऑक्साइडचा आणि द सोस्यूर याने १८०४ मध्ये पाण्याचा सहभाग सिद्ध केला. पान प्राणवायू सोडते तो कार्बन डायऑक्साइडमधला नसून पाण्यामधला असतो, हे मात्र १९४१ मध्ये जड ऑक्सिजनच्या साहाय्याने उमगले.

या कारखान्याचे दोन विभाग आहेत. हरितलवकातील चकत्यांसारख्या पटलांमध्ये हरितद्रव्य असते. ते प्रकाशातील तांबडे व निळे किरण प्रामुख्याने शोषते. हिरवे त्या मानाने कमी शोषले जातात, म्हणून पान हिरवे दिसते. शोषलेल्या शक्तीने पाण्याचे विघटन होते, प्राणवायू बाहेर पडतो आणि शक्ती रासायनिक रूपात साठविली जाते. दुसऱ्या विभागात या साठ्याच्या बळावर कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा घडते. या दुसऱ्या विभागातील क्रियांचे चक्र कॅल्व्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून उलगडले. त्यासाठी कॅल्व्हिन यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता प्रश्न गतीचा. प्रकाश, कार्बन डायऑक्साइड, उष्णतामान, पाणी आणि पोषकद्रव्ये या सर्वांची पानाला गरज असते. परंतु यांपैकी जे सर्वांत अपुरे, त्याच्याच चालीने सारे काम चालते, असे ब्लॅकमन यांनी १९०५ मध्ये मांडले. एका बैलाची चाल मंद असेल, तर दुसरा कितीही जोमदार असला तरी गाडी मंदच चालते, तसेच हे आहे. खानापूरच्या भाताला आषाढ-श्रावणात पाण्याची ददात नसते. ढगांमुळे ऊन अपुरे पडते. म्हणूनच पाण्याची सोय असेल तेथे उन्हाळी भाताचा उतारा पावसाळी भातापेक्षा सामान्यतः अधिक येतो. सौंदत्तीच्या रानात याच्या उलट स्थिती आहे. तेथे ऊन उदंड, पण पाण्याचा तुटवडा. पाणी वाचविण्यासाठी पान आपली पर्णरंध्रे मिटते, आणि ती मिटताच कार्बन डायऑक्साइडची वाटही बंद होते. तहान भागवावी तर उपासमार, आणि भूक भागवावी तर तहान, असा हा पेच आहे.

शर्करा घडविण्याच्या कामाचा आरंभ रुबिस्को नावाचे प्रथिन करते. ते संथ आहे. सेकंदाला जेमतेम तीन-चार रेणू हाताळते. शिवाय ते चुकते. कार्बन डायऑक्साइडऐवजी कधी कधी प्राणवायूच उचलते आणि झालेले काम वाया जाते. उष्णता वाढली, रंध्रे मिटली की या चुकाही वाढतात. भात, गहू, हरभरा यांना हा तोटा सोसावाच लागतो. ऊस, ज्वारी, बाजरी आणि मका यांनी मात्र त्यावर तोड काढली आहे. हवाई बेटांवरील ऊस-संशोधकांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांचा धागा पकडून ऑस्ट्रेलियातील हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ पासून तिचा उलगडा केला. उसाच्या पानात कार्बन डायऑक्साइड प्रथम मॅलिक आम्लाच्या रूपात बांधला जातो, आतल्या विशिष्ट पेशींत नेला जातो आणि तेथे एकवटून रुबिस्कोच्या स्वाधीन केला जातो. अशा गर्दीत प्राणवायू उचलला जाण्याची चूक फारशी होत नाही.

या संदर्भात एका भारतीय शास्त्रज्ञाचे स्मरण उचित ठरेल. आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हायड्रिला या पाणवनस्पतीवरील प्रयोग नोंदविले आहेत. उन्हाळ्यातील हायड्रिला हिवाळ्यातील हायड्रिलाहून निराळी वागते आणि तिच्यात मॅलिक आम्ल अधिक असते, हे त्यांनी टिपले होते. त्या नोंदीची संगती लागायला अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला.

एक ग्रॅम शुष्क द्रव्य घडविण्यास ज्वारी किंवा ऊस भाताच्या साधारण निम्मेच पाणी खर्चतो. मग ऊस पाणी पितो, हा बोल खोटा काय? खोटा नाही. ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा असतो आणि प्रचंड वाढतो. त्यामुळे पान काटकसरी असले तरी पिकाची एकूण मागणी मोठीच असते. तीच काटकसर अंगी असलेली रब्बी ज्वारी मात्र जमिनीतील ओलीवर तीन-चार महिन्यांत भाकरी देऊन जाते.

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे २८० भाग होता. आज तो ४२० च्या वर आहे. यामुळे पिके आपोआप भरघोस येतील, असे काहींना वाटते. भात-गव्हाच्या पानांची गती वाढते, हे खरे. परंतु अशा वाढीव वायूत पिकलेल्या त्यांच्या दाण्यात प्रथिने, लोह आणि जस्त कमी भरते, असे प्रयोगांत आढळले आहे. वायूबरोबर उष्णता वाढते, पाऊस बेभरवशाचा होतो. ब्लॅकमन यांचा नियम येथेही सुटत नाही: एक गोष्ट मुबलक झाली की दुसरी अपुरी पडते. हवा उदार झाली, तरी विहिरीचे पाणी त्यामुळे वाढत नाही.

म्हणूनच कोणत्या रानात कोणते पीक घ्यावे, हा केवळ बाजारभावाचा प्रश्न नव्हे. त्या रानात पानाला नेमके काय अपुरे पडते, हे ओळखून केलेली निवडच टिकाऊ ठरेल. पानाने आपला हिशेब केव्हाच मांडून ठेवला आहे. तो वाचायचा की नाही, हे मनुष्याने ठरवायचे आहे.