नाव झाकलं, तरी मक्ता बोलतो

चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये गझल स्पर्धेचा निकाल लाइकवर लावलात, तर ज्याचे चुलतभाऊ-मामेभाऊ जास्त, तो पहिला. म्हणून परीक्षक नेमायचे, नावं झाकायची. पण गझलेत तेवढ्याने भागत नाही. शेवटच्या शेरात, म्हणजे मक्त्यात, शायर आपला तखल्लुस गुंफतो. तेव्हा आधीच सांगा, या वेळी तखल्लुस नको.

गुणांचं प्रकरण जास्त नाजूक आहे. एक परीक्षक सगळ्यांना ७ नाहीतर ८ देतो. दुसरा २ पासून १० पर्यंत जातो. बेरीज केली की निकाल दुसऱ्याचाच लागतो, पहिला असून नसल्यासारखा. त्यापेक्षा प्रत्येकाने पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम लावावेत. क्रमांची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता. आणि परीक्षकाची बहीण स्पर्धेत असेल, तर त्याने त्या फेरीत बसू नये. युरोव्हिजनमध्येही स्वतःच्या देशाला मत देता येत नाही.

काफिया चुकला, वृत्त मोडलं, तर गुण जरूर कापा. ती चूक बोट ठेवून दाखवता येते. पण रत्नागिरीची मुलगी घरच्या कोकणीतला शब्द आणते, मराठवाड्यातला मुलगा दखनीतला, तिथे ‘अशुद्ध’ म्हणू नका. ‘गझल’ हा शब्दच मुळात अरबी आहे! पहिल्याच गझलेवर असा शेरा मिळालेली मुलगी दुसरी पाठवेलच असं नाही.

हरलेल्यांनाही दोन ओळी कळवा: कोणता शेर आवडला, कुठे वृत्त सुटलं.