बांबूचा हिशेब



महाराज बाड्यावरून जाताना टपाल कचेरी, व्हिक्टोरिया मार्केट, गोरखी यांकडे आपण कौतुकाने पाहतो. याच परिसरात आपल्यापैकी कित्येकांच्या वाडवडिलांनी दौलतीची दफ्तरे सांभाळली. जमाखर्च ही आपली विद्या; व्यापार मात्र आपण फारसा केला नाही. म्हणूनच गडचिरोलीतल्या एका गोंड गावाचा व्यापार आज आपल्यापुढे ठेवतो.

मेंढा (लेखा), तालुका धानोरा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला होता. पण वाहतूक परवाना वनखात्याच्या हाती. परवान्यावाचून बांबू बाहेर नेता येईना. म्हणजे मालकी गावाची आणि फाटकाची किल्ली दुसऱ्याकडे! अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले.

पुस्तक मिळाले म्हणून धंदा जमतो असे थोडेच आहे? मेंढ्याची तयारी कितीतरी आधीपासून चालू होती. देवाजी तोफा यांचे नेतृत्व, मोहन हिराबाई हिरालाल यांची सोबत, आणि गावात बसणारे अभ्यासगट. तिथे कायद्याची, जंगलाची चर्चा होई. निर्णय ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने घेई. माझ्या मते व्यवसायशिक्षण ते हेच. पदवीची पाटी नंतर लागली तरी चालेल.

पुढे विदर्भातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा लिलावही स्वतः करू लागल्या. तिथे बारकावे फार. महाराष्ट्रात पुडा ७० पानांचा, आपल्या मध्य प्रदेशात गड्डी ५० पानांची. हे ठाऊक नसेल तर दोन्हीकडच्या भावांची तुलनाच फसते.

आता आपल्या दाराशी या. श्योपूर-शिवपुरीचे सहरिया डिंक, मध, मोह गोळा करतात. हे दोन्ही मुलूख ग्वाल्हेर संस्थानातलेच. त्यांचा वसूल आपल्याच दफ्तरांत लिहिला गेला. आपल्यांत निवृत्त हिशेबनीस, वकील, बँकेतले अधिकारी पुष्कळ आहेत. देणगी देऊन मोकळे होऊ नका. बोलावणे आले तर जा, निविदा कशी वाचायची ते दाखवा, डिंक प्रतवारी करून तोलला तर भाव कसा बदलतो ते त्यांच्याबरोबर बसून मांडा. वही मात्र त्यांच्याच घरी राहू द्या, आणि पहिल्या पानापासून त्यांच्याच हाताने लिहिलेली.