माळ गळ्यात, बिडी कमरेला?

माळ घातली की आपण मांस, दारू सोडतो. बिडी मात्र कमरेलाच राहते. तीस वर्षांची सवय सुटते का? सुटते. आळंदीहून निघतानाच बंडल, काडेपेटी घरी ठेवावी. पहिले काही दिवस जड जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही. तलफ मात्र पाच-दहा मिनिटांत ओसरते; तेवढ्यात घोटभर पाणी प्यावं, बडीशेप चघळावी, टाळ हाती घ्यावा. बिडीऐवजी तंबाखू-मिश्री नको, विष तेच. पंढरी येईतो तलफेचा जोर बराच उतरतो. खरी परीक्षा गावच्या पारावर, जुन्या सोबत्यांत. तिथं ‘एकच झुरका’ म्हणणाऱ्याला हात जोडावेत. अडलंच तर डॉक्टरांना विचारावं. १८००-११-२३५६ वर फुकट सल्ला मिळतो. पुढल्या वारीत दिवे घाट चढताना मुखी खोकला नको, नाम असावं.