लस मुलींची, विषाणू कुणाचा?

(युवक-युवती शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



माझी धाकटी खाला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेली. सोळाव्या वर्षी लग्न, चार बाळंतपणं, सगळं आयुष्य एका घरात. तरी मय्यतीला आलेल्या बायका दबक्या आवाजात तिच्याबद्दल जे बोलल्या, ते मी विसरलेलो नाही. खालूंबद्दल कुणी काही बोललं नाही. हा कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि तो शरीरसंबंधातून दोन्ही बाजूंनी जातो, हे तेव्हा आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आता दोष खालूंवर ढकलावा, असंही मी म्हणत नाही. हा विषाणू इतका सर्रास आहे, की बहुतेकांना आयुष्यात कधीतरी होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून आपोआप जातोही.

पुढे मी वर्तमानपत्रात लागलो, आरोग्याच्या बातम्या बघू लागलो. १ फेब्रुवारी २०२४ ला अंतरिम अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याचं जाहीर केलं. बातमी मी लिहिली. मुलीच्या दंडात सुई टोचतानाचा फोटो लावला. शेवटी ‘आयांनी पुढाकार घ्यावा’ हे वाक्य पदरचं जोडलं. बाप आणि मुलगा त्या बातमीत नव्हतेच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ला मुलग्यांसाठीही परवानगी आहे, हे मला माहीत होतं. लिहावंसं वाटलं नाही, इतकंच.

मुलींना आधी लस देण्यात गैर काही नाही. डोस मोजके असतील तर जिथे जीव जास्त जातात तिथे ते आधी जावेत. पण सरकारचा प्राधान्यक्रम वेगळा आणि ‘हा बायकांचा आजार’ असं वाचकाच्या मनात ठसवणं वेगळं.

अमेरिकेत हे आपल्या आधी घडून गेलं. २००६ मध्ये तिथे ‘गार्डासिल’ला मंजुरी मिळाली ती फक्त मुली आणि तरुणींसाठी. मुलग्यांसाठी मिळाली २००९ मध्ये. तोवर बातम्यांतून तिचं ‘गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस’ हे नाव रूढ झालं होतं. रिक पेरी यांनी टेक्सासचे गव्हर्नर असताना २००७ मध्ये सहावीत जाणाऱ्या मुलींना ती सक्तीची करण्याचा आदेश काढला होता. सप्टेंबर २०११ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागत होते, तेव्हा मिशेल बाकमन यांनी जाहीर वादविवादात त्यावरून त्यांना घेरलं. कोवळ्या, निष्पाप मुलींवर सरकार सुई लादतं, असा सूर होता. पुढच्याच महिन्यात तिथल्या सल्लागार समितीने ११-१२ वर्षांच्या मुलग्यांनाही लस द्यावी, अशी शिफारस केली. ‘लस घेतली तर मुली बहकतील का?’ यावर रकानेच्या रकाने भरले होते. मुलग्यांच्या चारित्र्याची तेवढी काळजी कुणी केली नाही. त्यांना सांगितलं जायचं, होणाऱ्या बायकोसाठी घे! वास्तविक एचपीव्हीमुळे होणारा घशाचा कर्करोग अमेरिकेत बायकांपेक्षा पुरुषांनाच जास्त होतो. (आपल्याकडच्या तोंडाच्या कर्करोगाचा हिशेब बराचसा तंबाखू-गुटख्याचा, तो वेगळा.)

रुबेलाचंही असंच झालं होतं. धोका पोटातल्या बाळाला, म्हणून ब्रिटनने १९७० पासून शाळकरी मुलींनाच लस दिली. मुलग्यांमधून विषाणू फिरतच राहिला. १९८८ पासून दोघांना द्यावी लागली. आपल्या राज्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली ती दोघांसाठीच. तेव्हा आपल्या मोहल्ल्यांत नपुंसकत्वाच्या अफवा फिरल्या, आठवतं ना? वर्तमानपत्रांनी अफवा छापल्या, उर्दू शाळांची नावं छापली. मुलग्याला रुबेलाची लस कशासाठी, हे मात्र नीट कुणी सांगितलं नाही. त्यात मीही आलो.

गेल्या डिसेंबरात मी माझ्या तेरा वर्षांच्या मुलाला दवाखान्यात घेऊन गेलो. नर्सबाईंनी मागे पाहिलं आणि विचारलं, “मुलगी कुठंय?” बाहेर पडल्यावर तो म्हणाला, “अब्बा, ही मुलींची लस आहे ना? वर्गात कुणाला सांगू नका हां.” मी त्याला रिक्षात खालाची गोष्ट सांगितली, मय्यतीतल्या बोलण्यासकट. घर येईपर्यंत तो गप्प होता.

दुसरा डोस जूनमध्ये आहे. तोवर धाकटीला नऊ पूर्ण होतील. दोघांना बरोबरच नेणार आहे.